ढोलाच्या आवाजात गडगडाट ऐकू येत नाही

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला एक भलीमोठी छत्री भेट दिली. 'वादळातही उलटी होत नाही' असं तिच्या वेष्टनावर छापलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पच्या बसस्टॉपवर उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या मोडल्या. सव्वीस वर्षं मी वाऱ्याच्या चहाड्या करत आले, त्याने सूड उगवला असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं. मोडकी छत्री हातात धरून मी बसमध्ये अशी काही हसत सुटले की समोरच्या डच बाईंनी जागा बदलली.

मी हवामानाचा अंदाज सांगायचे. रोजचा पाऊस-ऊन सांगणारे पुष्कळ आहेत; माझं खास काम मोठ्या गडगडाटी वादळांचं आणि टोर्नेडोंचं. नोकरीवर काही लिहा असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी आधी पदव्या, बढत्या आणि साहेबांचे स्वभाव असं लिहायला घेतलं. दोन पानांतच मला स्वतःलाच जांभया यायला लागल्या. म्हणून ते सोडलं. करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट तेवढी सांगते. त्या दुपारी मी धंद्यातला सगळ्यात मोठा नियम मोडला आणि माझा नवरा थोडक्यात वाचला. आठवलं की अजून हसू आवरत नाही.

आधी धंदा समजावून सांगते. लोकांना वाटतं हवामानवाले खिडकीतून आभाळ बघतात. छे हो. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की खिडकीबाहेर बघायचं नाही. खिडकीतून आपल्या गल्लीचं आभाळ दिसतं, गिऱ्हाइकाचं नाही. दुसरा नियम त्याहून कडक. वादळ सुरू असताना खुर्ची सोडायची नाही, मग घरात आग लागली तरी बेहत्तर. आमची छोटी खाजगी कंपनी होती. क्रेन चालवणारे, गरम हवेचे फुगे उडवणारे, काचघरांत टोमॅटो पिकवणारे आमची गिऱ्हाइकं. क्रेनच्या टोकाला बसलेल्या माणसाला 'उद्या पावसाची शक्यता' सांगून काय उपयोग? त्याला किती वाजता खाली उतरायचं ते हवं असतं.

टोर्नेडो म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे चक्रीवादळ येतं. ती दोन वेगळी माणसं आहेत. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद, समुद्रावरून डुलत येणारं, आठवडाभर मुक्काम ठोकणारं. टोर्नेडो एखाद्या आळीएवढा, आला आणि गेला. डच त्याला विंडहोस म्हणतात. अमेरिकेच्या मैदानांवरच्या राक्षसांपुढे आमचे विंडहोस म्हणजे अगदीच किडकिडे. पण समुद्र हटवून काढलेली इथली जमीन, म्हणजे पोल्डर, तशीच सपाट, परातीसारखी, मध्ये अडवायला टेकाड नाही की डोंगर नाही. परसातली ट्रॅम्पोलिन उचलून शेजाऱ्याच्या छपरावर ठेवायला किडकिडा विंडहोससुद्धा पुरतो.

तो होतो कसा? खाली दमट, गरम हवा हवी आणि वर थंड हवा हवी, म्हणजे खालची हवा उसळून वर जाते आणि गडगडाटी ढग तयार होतो. एवढ्याने फक्त वीज-पाऊस. विंडहोसला आणखी एक गोष्ट लागते. जमिनीलगत वारा एका दिशेचा आणि वर दुसऱ्या दिशेचा, जोरातला. मग मधली हवा वळली जाते, दोन तळव्यांमध्ये आपण समईची वात वळतो तशी. ही वात आडवी असते. उसळणाऱ्या हवेने ती उचलून उभी केली की झालं. हे मी सव्वीस वर्षं नकाशांवर शोधलं, रडारवर पकडलं, फोनवर ओरडून सांगितलं. पण डोळ्यांनी? एकदाही नाही. जन्मभर पेढे वळणाऱ्या हलवायाने पेढा तोंडात टाकला नाही, अशी माझी गत. निवृत्तीच्या आत एक विंडहोस दिसू दे, एवढंच माझं मागणं होतं आणि ते मी दिलीपखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

दिलीप म्हणजे माझा नवरा. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासला एका उंच इमारतीत आयटीची कामं करायचा. करोनाने त्याला खालच्या जेवणाच्या टेबलावर आणलं आणि मला वरच्या छोट्या खोलीत, इस्त्रीचं टेबल आणि कपड्यांचं कपाट यांच्या मध्ये. त्याचा माझ्या शास्त्रावर काडीचाही विश्वास नाही. त्याचा विश्वास त्याच्या डाव्या गुडघ्यावर. गुडघा ठणकला की पाऊस. रोज सकाळी चहा घेऊन वर यायचा, गुडघ्याचा निकाल सांगायचा आणि माझा विचारायचा. गुडघा माझ्यापुढे असायचा असं तो चारचौघांत सांगतो. मी त्या वादात पडत नाही, कारण दोन-तीनदा तो खरंच पुढे होता.

खरं सांगू? लोक घरात कोंडले होते, बातम्या ऐकवत नव्हत्या, आणि आमचं काम मात्र कधी नव्हे एवढं धमाल झालं. बोलायची लाज वाटते, पण तसं झालं. बंद खोलीत चार माणसं जमवायला बंदी, म्हणून अख्खा देश अंगणात आला. चाचण्या तंबूत, लग्नं बांधावर, चर्चची प्रार्थना पार्किंगमध्ये. ज्यांनी जन्मात हवामान विचारलं नव्हतं ते दिवसाला तीन फोन करू लागले. एक कॅफेवाला त्याच्या मोठ्या छत्र्या मिटायची वेळ मिनिटात मागायचा. एका गायनवृंदाच्या बाई होत्या. त्यांचा सराव धरणाच्या बांधावर चालायचा आणि त्यांना फक्त वाऱ्याची दिशा हवी असायची, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्यांचा श्वास खालच्या पट्टीवाल्यांकडे जायला नको. मी दर गुरुवारी त्यांना कोण कुठे उभं राहील ते नकाशा काढून पाठवायचे. एक आजोबा रोज सकाळी नऊला फोन करून त्यांच्या होडीसाठी वारा विचारत. पुढे कधीतरी बोलता बोलता कळलं की होडी त्यांनी केव्हाच विकली होती. त्यानंतरही आम्ही रोज वाऱ्याबद्दल बोलत राहिलो.

एकच पंचाईत झाली. आम्ही विमानतळाजवळ राहतो, पण त्या दिवसांत डोक्यावर विमान नसायचं. शांतता सगळ्यांना आवडली. मला मात्र नाही. प्रत्येक विमान उडताना-उतरताना वरच्या हवेचं तापमान आणि वारा मोजत असतं आणि ते आकडे आमच्याकडे येतात. विमानं जमिनीवर बसली आणि वरच्या हवेबाबत आम्ही अर्धे आंधळे झालो. त्याच पहिल्या उन्हाळ्यात माझी फजिती झाली.

इथे आमचं ढोल-ताशा पथक आहे. तीसेक जण. बहुतेक पुण्या-मुंबईचे आयटीवाले, काही आइंडहोवनकडचे इंजिनीयर. प्रमुख केतकी. ती बेस्ट नावाच्या गावात राहते, आठवडाभर चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करते आणि रविवारी दीड तास गाडी चालवून आमच्याकडे येते. पस्तिशीची मुलगी, पण शिस्त सैन्याची. वाजवताना फोन नको, सगळ्यांचे फोन एका स्टीलच्या पातेल्यात, पातेलं तिच्या गाडीच्या डिकीत. कानात कापसाचे बोळे सक्तीचे. वस्तीत वाजवू द्यायला गेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, तयार नव्हती. शेवटी हेंक नावाच्या शेतकऱ्याने त्याच्या बटाट्याच्या शेताकडेची हिरवळ दिली. बटाटे तक्रार करत नाहीत, असं तो म्हणाला.

दिलीपचा गुडघा गेल्यापासून त्याला ढोल झेपत नाही, म्हणून त्याच्याकडे ध्वज. पंधरा फुटी काठी आणि तिला भगवं कापड. ही काठी म्हणजे मूळ बांबू नव्हे. बांबू विमानातून आणता येईना, म्हणून केतकीने इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणला होता. पथकात ध्वजाचा नियम सगळ्यांना पाठ असतो. ध्वज जमिनीला टेकवायचा नाही. हात दुखले तर दुसऱ्याच्या हातात द्यायचा, पण खाली ठेवायचा नाही.

तर पहिल्या उन्हाळ्यात, बाहेर जमायची परवानगी मिळाली त्या पहिल्याच रविवारी, मी मोठ्या वादळाचा इशारा देऊन सराव रद्द करवला. दिवसभर असं कडकडीत ऊन पडलं की हेंकच्या बदकांनी सावली सोडली नाही. त्या दिवसापासून माझं नाव वादळवहिनी. विमानांचे आकडे नव्हते हे मी केतकीला अर्धा तास समजावलं. तिने अदबीने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी आधी विमानांना विचारा, असं सुचवलं.

आता तो रविवार. दुसरा उन्हाळा, गणपतीला तीन आठवडे. मी घरूनच ड्युटीवर होते. सकाळपासून हवा मुंबईच्या ऑक्टोबरसारखी चिकट. आठ वाजता नकाशे उघडले आणि माझ्या अंगावर काटा आला. खाली दमट हवा, वर थंड, जमिनीवर वारा आग्नेयेचा आणि वर नैऋत्येचा, तोही सुसाट. वात वळायला दोन्ही तळवे तयार होते. शिवाय एव्हाना बरीचशी विमानं परत उडायला लागली होती आणि त्यांचे आकडेही तेच सांगत होते. मी गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. क्रेनवाल्यांनी काम बंद केलं. कॅफेवाल्याने छत्र्या मिटल्या. गायनवृंदाच्या बाईंनी एका शब्दाने सराव रद्द केला.

मग पथकाच्या ग्रुपवर लिहिलं, साडेतीननंतर मैदानावर कुणी थांबू नका, विजा, गारा आणि कदाचित विंडहोस. त्या 'कदाचित'ने घात केला. तीस हसरे चेहरे आले. एकाने भज्यांचं पीठ भिजवायला घेऊ का म्हणून विचारलं. केतकीने नम्रपणे लिहिलं की सूचनेची नोंद घेतली आहे, सराव दोन ते पाच होईल. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. परका क्रेनवाला माझ्या शब्दावर खाली उतरतो आणि माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत टोपी घालून ध्वज उचलायला निघतो. मी जिन्यातून त्याला निक्षून सांगितलं, जाऊ नकोस. त्याने दार उघडून निळंशार आभाळ दाखवलं, गुडघा एकदम शांत असल्याचं सांगितलं आणि शीळ घालत गेला.

साडेतीनला रडारवर समुद्राच्या बाजूला एक ढग उगवला. दहा मिनिटांत तो असा काही फुगला की मी खुर्चीतून उठले. रडारवर वाऱ्याचा वेग बघण्याची सोय असते. आपल्याकडे येणारा वारा हिरवा, दूर जाणारा लाल. हे दोन रंग दूर दूर असतात. त्या ढगाच्या पोटात ते शेजारी शेजारी चिकटून बसले होते. म्हणजे आत हवा गरगरतेय. पडद्यावर पट्टी ठेवून मी त्याच्या वाटेची रेघ ओढली. रेघ बरोब्बर हेंकच्या शेतावरून जात होती. वीस-पंचवीस मिनिटं.

दिलीपला फोन लावला. केतकीला लावला. मग जो नंबर सापडेल तो लावत सुटले. आणि लावता लावता मला ते पातेलं दिसायला लागलं. बंद डिकीत स्टीलच्या पातेल्यात तीस फोन थरथरतायत आणि बाहेर माझा नवरा, मैलभर सपाट पोल्डरमध्ये, पंधरा फुटी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आभाळात उभा धरून. वीज सहसा सगळ्यात उंच गोष्ट शोधते. त्या शेतात सगळ्यात उंच गोष्ट दिलीप होता. आणि तीस ढोलांपुढे, कानात कापूस घालून, गडगडाट कुणाच्या बापाला ऐकू येणार?

मी योरिसला फोन केला. योरिस माझा कामावरचा जोडीदार, त्याची त्या दिवशी सुट्टी. म्हटलं, मी खुर्ची सोडतेय. इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. योरिस एवढंच म्हणाला की जा, मी बसतो, आणि लॉग इन झाल्याचा निरोप येईपर्यंत मी सायकलवर होतेसुद्धा. घाईत कानावरचा हेडसेट गळ्यातच राहिला होता.

खोटं कशाला बोलू, त्या सायकलवर आम्ही दोघी बसलो होतो. एक नवऱ्याच्या काळजीने अर्धमेली झालेली बायको आणि दुसरी, आज आपल्याला विंडहोस दिसणार म्हणून आतून नाचणारी बाई. दोघींचे पाय मात्र एकच, आणि ते असे फिरत होते की एका सायकलवाल्या तरुणाला मी मागे टाकलं. वादळ आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे वारा चक्क पाठीशी होता. नेदरलँड्समध्ये सायकलवर मला पाठीचा वारा मिळाला तो त्या एका दिवशी. समोर आभाळ जांभळट-हिरवं झालं होतं. पॉप्लरची पानं उलटी होऊन चांदीसारखी चमकत होती आणि शेतातल्या गायी एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या होत्या. गायींनी माझा अंदाज मानला होता.

हेंकचं शेत दिसलं. तीस ढोल दणाणत होते, सगळ्यांची नजर पुढे उभ्या केतकीवर आणि तिच्यासकट सगळ्यांची पाठ वादळाकडे. मधोमध दिलीप, पाय रोवून, डोळे मिटून, ध्वज नाचवतोय. त्याच्या मागे लांब पवनचक्क्यांवर एक वीज पडली. कुणी मान वळवली नाही.

मी सायकल टाकली आणि हात हलवत, ओरडत सुटले. पथकाला वाटलं वहिनींच्या अंगात ताल संचारला. पहिल्या रांगेने हसत हसत मला नाचायला वाट करून दिली आणि केतकीने खूश होऊन लय वाढवली. मी जितक्या जोरात हात हलवी तितक्याच जोरात ते वाजवीत. शेवटी मी सरळ केतकीचं टिपरू हातातून हिसकावलं आणि तिच्या पाठीमागच्या आभाळाकडे रोखलं. तिने वळून पाहिलं. हात वर केला. तीस ढोल एका ठोक्यावर थांबले आणि त्या शांततेत सगळ्यांनी पहिल्यांदा गडगडाट ऐकला.

पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. दोनशे पावलांवर हेंकची बटाटे साठवायची पक्क्या भिंतींची शेड होती, दार उघडं. मी तिकडे बोट दाखवलं. कंबरेला बांधलेला ढोल सोडायला वेळ नव्हता आणि टाकून जायला मन नव्हतं, त्यामुळे तीस माणसं पोटावर ढोल घेऊन बदकांसारखी डुलत पळाली. मी मोजायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की दिलीप हललेला नाही.

तो ध्वज उभा धरून तिथेच होता. उभा पाइप घेऊन वाऱ्यात पळता येईना आणि खाली ठेवता येईना. मी त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा माझ्या हातावरचे केस ताठ उभे राहिले होते. हा भीतीचा काटा नव्हता. वीज पडायच्या बेतात असली की असं होतं. मी हे शेकडो लोकांना शिकवलं आहे.

"आडवा कर तो," मी म्हटलं.

"खाली टेकेल."

"टेकू दे."

"तसं चालत नाही. तुला माहीत आहे." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पकड सुटत नव्हती. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्याच्याशी पाच हजार वेळा भांडले असेन. त्या घडीला भांडून जिंकायला वेळ नव्हता. हवेचा अंदाज चुकत असेल माझा, या माणसाबद्दलचा चुकत नाही. तो हट्टी नव्हता. त्याच्या हातात इतर तीस जणांचा मान होता आणि तो खाली ठेवायचा कसा ते त्याला कळत नव्हतं.

"मान कापडाला आहे, दिलीप. पाइप हार्डवेअरच्या दुकानातला आहे. तू पाइप वाकव, मी कापड धरते."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाइप झुकवला. कापडाचं टोक गवताला लागायच्या आत मी दोन्ही हातांनी झेललं. एक गाठ त्याने सोडली, एक मी दातांनी. पाइप धाडकन गवतात पडला. कापड मी छातीशी गोळा केलं, आम्ही चार पावलं पळालो असू, तोच वाऱ्याचा एक झोत आला आणि ते अख्खं कापड उसळून माझ्या डोक्याभोवती गुंडाळलं गेलं. नाक, डोळे, तोंड, सगळं भगवं. खाली पडू द्यायचं नाही म्हणून मी ते सोडेना आणि दिलीप माझं मनगट सोडेना. मला ओढत ओढत तो पळत होता आणि मी आंधळ्यासारखी त्याच्यामागे. पाठीमागे असा आवाज येत होता, जसा एखादा मालवाहू ट्रेनचा डबा खडीवरून घसटत नेतायत. मला तो आवाज काय आहे ते पक्कं माहीत होतं. जगात मला एवढं पक्कं दुसरं काहीच माहीत नव्हतं.

पायाखाली काँक्रीट लागलं. दिलीप थांबला, वळला. कुणीतरी मराठीत देवाचं नाव घेतलं, हेंकने डचमध्ये घेतलं. मी कापड ओढत होते, पण ते गळ्यातल्या हेडसेटच्या वायरीत असं गुरफटलं होतं की सुटता सुटेना. ओढलं की जास्तच आवळायचं. सोडवा मला, सोडवा, असं मी कापडातून ओरडत होते. कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी केतकी आली आणि तिने वायर सोडवली. मी दाराकडे वळले. बाहेर पावसाची पांढरी भिंत होती आणि वरून बटाट्याचा पाला भिरभिरत खाली येत होता. बाकी काही नव्हतं.

विंडहोस हिरवळीवरून गेला होता. आम्ही जिथे उभे होतो तिथून. पाइप दुसऱ्या दिवशी दोन शेतं पलीकडच्या कालव्यात सापडला, कोपरात वाकवल्यासारखा. आणि तीस माणसांनी, एका शेतकऱ्याने आणि त्याच्या कुत्र्याने तो विंडहोस दारात उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता. मी सोडून सगळ्यांनी.

हेंकला एवढ्यात करोनाची आठवण झाली आणि तो दीड मीटर, दीड मीटर म्हणून ओरडू लागला. पोटावर ढोल होतेच, त्यामुळे अंतर आपोआप राहिलं होतं. ते बघून मला हसू फुटलं. हसता हसता मी बटाट्याच्या खोक्यावर बसले आणि ढसाढसा रडायला लागले. नवरा वाचला म्हणून रडले आणि विंडहोस दिसला नाही म्हणूनही रडले. यातलं कशासाठी किती ते कृपा करून विचारू नका. केतकी शेजारी दीड मीटरवर बसली. तिने सकाळच्या त्या उत्तराबद्दल माफी मागितली. मी तिला सांगितलं की मला 'कदाचित'च लिहावं लागतं, कारण खरं तेच असतं.

एकाचाही फोन हातात नव्हता, त्यामुळे फोटो नाही, व्हिडिओ नाही. अशा वेळी आमच्या धंद्यात साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात. त्यासाठी फॉर्म असतो. घरी आल्यावर मी तो वरच्या खोलीत उघडला. साक्षीदार तीस होते, पण तिसांच्या तीस तऱ्हा. कुणाला तो सोंडेसारखा दिसला, कुणाला धुरासारखा, एकाला तर दोन दिसले. मी दिलीपला वर बोलावलं आणि समोर इस्त्रीच्या टेबलापाशी बसवलं.

तो म्हणाला, "मला वाटलं तूही बघतेयस. मी तुझा हात धरला होता आणि मला वाटलं, चला, हिला दिसला एकदाचा." एवढं बोलून त्याने डोळे पुसले. मग मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि त्याने एकेक उत्तर दिलं, न घाई करता, न टवाळी करता. कुठल्या बाजूने फिरत होता ते तळहाताने हवेत फिरवून दाखवलं, घड्याळाच्या उलट. खालून धुळीचा आणि पाल्याचा घेर होता, वरून ढगातून निमुळतं टोक उतरलं होतं, मधला भाग आरपार दिसत होता आणि त्यातून पलीकडची पवनचक्की दिसली. रंग विचारला तर खूप वेळ विचार केला आणि पावसात भिजलेल्या सिमेंटसारखा म्हणाला. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणाला. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मिटल्या डोळ्यांपुढून तो शेतावरून जात होता.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो. साक्षीदार विश्वासार्ह आहे का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. दिलीप माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मी वळून त्याला विचारलं की पुन्हा असं झालं, मी ये म्हटलं, तर तू लगेच येशील का? हो म्हणून टाकणं सोपं होतं. नुकताच मरता मरता वाचलेला माणूस, समोर रडून डोळे सुजलेली बायको. दुसरा कुणीही हो म्हणाला असता.

तो म्हणाला, "येईन. पण ध्वज आधी कुणाच्या तरी हातात देऊन."

मी 'हो'च्या चौकटीत खूण केली.